एका लायब्ररीच्या तीन प्रती: लिबझेडएमक्यू, जानेवारी ते जुलै २०१९

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या टीमचं आहे आणि मी त्या टीममध्ये होतो. कंपनीचं नाव, ग्राहकांची नावं आणि माणसांची नावं गाळली आहेत. लायब्ररीचं नाव, आवृत्त्या आणि तारखा मात्र खऱ्या आहेत, कारण त्या सार्वजनिक आहेत आणि त्यांच्याशिवाय या गोष्टीला काही अर्थ उरत नाही.

आमचं काम यंत्रांची माहिती गोळा करण्याचं. भोसरी, चाकण भागातल्या कारखान्यांत सीएनसी मशीनजवळ एक छोटा लिनक्सचा डबा बसवायचा. त्याला आम्ही गेटवे म्हणायचो. मशीन चालू आहे की बंद, किती पार्ट झाले, स्पिंडलवर लोड किती, हे गेटवे आमच्या सर्व्हरकडे पाठवायचा. सर्व्हरवर सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला ‘कलेक्टर’ ते झेलायचा, त्याच्यामागे पायथनमध्ये लिहिलेलं विश्लेषण आणि शेवटी मालकाच्या मोबाइलवर दिसणारा डॅशबोर्ड.

या सगळ्यांमधला पोस्टमन म्हणजे झीरोएमक्यू. ही काही वेगळी चालवायची सेवा नाही, प्रोग्रॅममध्येच जोडायची लायब्ररी आहे. मुख्य अंमलबजावणी सी प्लस प्लसमध्ये, तिचं नाव लिबझेडएमक्यू. तुम्ही कधी ज्युपिटर नोटबुक उघडलं असेल तर नोटबुक आणि कर्नल यांच्यातलं बोलणं याच लायब्ररीतून होतं. म्हणजे पुण्यातल्या बहुतेक इंजिनिअरिंगच्या पोरांच्या लॅपटॉपवर ती असतेच, त्यांना ठाऊक असो वा नसो. आमच्याकडेही ती अशीच होती: सगळीकडे होती, आणि नेमकी कुठे कुठे ते कुणाला सांगता आलं नसतं.

नेमकी चूक

१२ जानेवारी २०१९ ला लिबझेडएमक्यूची ४.३.१ ही आवृत्ती आली. तिच्या नोंदीत सर्वांत वर सीव्हीई-२०१९-६२५० होता. सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षेच्या चुकीला मिळणारा क्रमांक. गिडो व्ह्रँकेन या सुरक्षा संशोधकाने तो शोधला होता आणि दुरुस्तीही त्यानेच दिली होती. चूक ४.२.० पासून, म्हणजे नोव्हेंबर २०१६ पासून कोडमध्ये होती. त्याआधीच्या आवृत्त्यांना तिचा धोका नव्हता.

चूक समजायला सोपी आहे आणि म्हणूनच थोडी भीतीदायक. झीरोएमक्यूचा प्रत्येक संदेश येताना आधी आपला आकार सांगतो. छोटा असेल तर एका बाइटमध्ये, मोठा असेल तर आठ बाइटमध्ये. वाचणाऱ्या बाजूकडे ८१९२ बाइटचा एक बफर, म्हणजे येणारे बाइट साठवायची मेमरीतली जागा, असतो. ४.२.० मध्ये वेग वाढवण्यासाठी एक सुधारणा आली: संदेश बफरमध्ये पूर्ण मावत असेल तर तो दुसरीकडे कॉपी न करता तिथेच वापरायचा. डब्यातून ताटात न वाढता डब्यातच खाल्ल्यासारखं. त्यासाठी आधी एक तपासणी हवी, की संदेश खरंच मावतो आहे का. ती अशी लिहिली होती: सध्याचा पत्ता अधिक संदेशाचा आकार, ही बेरीज बफरच्या शेवटापलीकडे जाते का? जात असेल तर वेगळी जागा घ्या, नाहीतर इथेच वापरा.

आता समोरच्याने आठही बाइट भरून सर्वांत मोठा आकडा पाठवला तर? तो आकडा १८४४६७४४०७३७०९५५१६१५. रिक्षाच्या जुन्या मीटरमध्ये ९९९९९ नंतर ००००० यायचं, तसंच चौसष्ट बिटांच्या बेरजेचं होतं. एवढा आकडा मिळवणं म्हणजे एक वजा करणं. बेरीज सध्याच्या पत्त्याच्या एक घर मागे येते, ती बफरच्या शेवटापेक्षा अर्थातच लहान, आणि तपासणी खुशाल सांगते की मावतो. मग लायब्ररी येणारे बाइट बफरमध्ये भरत जाते आणि बफर संपला तरी थांबत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ‘प्रोग्रॅम कोसळतो’ म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्या बफरला लागूनच, एकाच वेळी मागून घेतलेल्या मेमरीत, संदेशांच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. प्रत्येक नोंदीत एक फंक्शन पॉइंटर असतो: संदेशाचं काम झालं की जागा मोकळी करायला कोणतं फंक्शन बोलवायचं, आणि त्याला काय द्यायचं. ओसंडून गेलेले बाइट थेट या नोंदींवर पडायचे. म्हणजे हल्लेखोराने पत्ता लिहायचा आणि लायब्ररीने आज्ञाधारकपणे त्या पत्त्यावरचं फंक्शन चालवायचं. स्टॅकची मोडतोड वगैरे नेहमीची मेहनतही घ्यायला नको. कुणीतरी घराच्या दाराशेजारीच किल्ली टांगून ठेवावी, तसा हा मेमरीचा आराखडा.

दुरुस्ती एका ओळीची होती. बेरीज करण्याऐवजी वजाबाकी करायची: शेवटातून सध्याचा पत्ता वजा करा, उरलेली जागा मिळेल, आणि संदेशाचा आकार तिच्यापेक्षा मोठा आहे का ते पाहा. वजाबाकीतला एकही आकडा बाहेरच्या माणसाच्या हातात नाही, त्यामुळे मीटर उलटं फिरायचा प्रश्नच येत नाही.

प्रकल्पाच्या नोंदीत दोन दिलासे होते. पहिला, हल्लेखोराला मेमरीतले खरे पत्ते आधी माहीत असावे लागतात, त्यामुळे पत्ते दर वेळी बदलणारी एएसएलआर ही सोय उपयोगी पडते. दुसरा, हल्ला ऑथेंटिकेशन, म्हणजे ओळख पटवणं, झाल्यावरच शक्य आहे, म्हणून कर्व्ह किंवा जीएसएसएपीआय या ओळख पटवण्याच्या पद्धती वापरणाऱ्यांना अनोळखी माणसापासून धोका नाही. दोन्ही विधानं बरोबर होती. आमचा घोळ ती विधानं आम्हाला लागू आहेत असं धरून चालण्यात झाला.

पहिला दिवस

१४ जानेवारी, सोमवार, भोगी. डेबियनची सुरक्षा सूचना त्याच सुमारास आली होती. आमच्या सर्व्हरवर लिनक्सची डेबियन स्ट्रेच ही आवृत्ती होती आणि त्यात लिबझेडएमक्यू ४.२.१, म्हणजे बाधित. टीममधल्या सर्वांत नव्या मुलाने सकाळीच पॅकेज अपडेट केलं, सेवा रीस्टार्ट केल्या आणि तिकिटावर ‘झालं’ लिहून तिकीट बंद केलं. साडेअकरापर्यंत विषय संपला होता. भाकरी, बाजरी, लेकुरवाळी भाजी यावर गप्पा चालू होत्या.

मला शंका आली ती वेगळ्याच कारणाने. आवृत्ती किती दिसते म्हणून मी सर्व्हरवर बघितलं तर अपडेटनंतरही ४.२.१ च. आधी वाटलं अपडेट झालंच नाही. पण ते डेबियनचं नेहमीचं वळण: आवृत्तीचा आकडा तोच ठेवायचा, फक्त दुरुस्तीची ओळ मागे नेऊन जोडायची. पॅकेजच्या शेपटाला बारीक अक्षरांत ती खूण असते. हे लक्षात आल्यावर मी निवांत व्हायला हवं होतं. पण आकडा खात्रीलायक नाही म्हटल्यावर मी चालू प्रोसेसनेच मेमरीत कोणत्या लायब्ररी उघडल्या आहेत ती यादी काढली.

पायथनच्या प्रोसेसने डेबियनची लायब्ररी उघडलेलीच नव्हती. तिने उघडली होती पायझेडएमक्यूच्या (पायथनमधून झीरोएमक्यू वापरायच्या पॅकेजच्या) फोल्डरमधली, पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने आणलेली स्वतःची प्रत. तयार व्हील, म्हणजे आधीच बांधलेलं पॅकेज, बसवलं की लिबझेडएमक्यू त्याच्या पोटातच येते. ती ४.२ मालिकेतली होती. आणि कलेक्टरच्या यादीत झीरोएमक्यूचं नावच नव्हतं, कारण तो स्टॅटिक जोडलेला होता: लायब्ररी प्रोग्रॅममध्येच विरघळलेली. कोणती आवृत्ती, हे बिल्ड मशीनवरच्या एका जुन्या फोल्डरच्या नावावरून कळलं. ४.२.३.

म्हणजे सर्व्हरवर लायब्ररीच्या तीन प्रती होत्या. आम्ही दुरुस्त केली ती तिसरी, जी भलत्याच पॅकेजने सोबत ओढून आणली होती आणि जिचा वापर कुणीच करत नव्हतं.

नव्या मुलाला बोलणं शक्य होतं. पण खरं सांगायचं तर मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि त्याच्या वयाचा असताना आवृत्तीही बघितली नसती.

आपल्याला ‘ऑथेंटिकेशन’ आहे का?

दुपारी तिघं बसलो: मी, गेटवेचं काम बघणारा सहकारी आणि आमच्या मॅडम, ज्या टीमही चालवायच्या आणि ग्राहकांशीही बोलायच्या.

गेटवेवाल्याचं म्हणणं सरळ होतं. “कर्व्ह आहे ना आपल्याकडे. नोंदीत स्पष्ट लिहिलंय, अनोळखी माणसाला काही करता येत नाही. शुक्रवारी निवांत करू.”

मॅडमनी विचारलं, “अनोळखी म्हणजे कोण? आपण कुणाला ओळखतो?”

त्या प्रश्नाने बैठकीचं वळण बदललं. कर्व्हमध्ये सर्व्हरची एक सार्वजनिक किल्ली असते आणि प्रत्येक क्लायंटची स्वतःची जोडी. बोलणं गुप्त राहतं, पण कोणता क्लायंट आत घ्यायचा हे ठरवायला झॅप नावाची पायरी वेगळी लिहावी लागते. आमच्याकडे ती ‘कुणालाही येऊ दे’ अशी ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात गेटवे जोडला जात नव्हता म्हणून रात्री तात्पुरती केलेली सोय, मग ती तशीच राहिली. वर एका कारखान्यातले सगळे गेटवे एकच किल्ली वापरायचे. सर्व्हरची सार्वजनिक किल्ली प्रत्येक गेटवेच्या डिस्कवर. म्हणजे ज्याच्या हातात एक गेटवे पडला, तो आमच्या भाषेत ऑथेंटिकेटेड.

एएसएलआरचंही तसंच. सर्व्हरवर ते चालू होतं, पण कलेक्टर जुन्या पद्धतीने ठरावीक पत्त्यावर बसणारा म्हणून बांधलेला होता, त्यामुळे मुख्य प्रोग्रॅममधले पत्ते दर वेळी तेच. शिवाय कलेक्टर कोसळला तर दोन सेकंदांत आपोआप उठवायची व्यवस्था आम्ही मोठ्या अभिमानाने केली होती. हल्लेखोराच्या बाजूने पाहिलं तर ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याची सोय होती.

समोरचे पर्याय

थांबायचं आणि शुक्रवारी करायचं, हा पर्याय मॅडमच्या प्रश्नातच गेला.

पोर्ट फक्त कारखान्यांच्या आयपी पत्त्यांपुरता उघडा ठेवायचा, यावर थोडा वेळ गेला. पण निम्म्या कारखान्यांत डोंगलवरून इंटरनेट, पत्ता रोज बदलणार. ते सोडून दिलं.

दोन्ही वापरातल्या प्रती ४.३.१ वर न्यायच्या, हे करायचंच होतं. पण कलेक्टर गेल्या दहा महिन्यांत कुणी नव्याने बांधलेला नव्हता. बिल्ड मशीन चालू होतं, त्यावर तोच कोड त्याच प्रकारे बांधला जाईल याची खात्री कुणीच द्यायला तयार नव्हतं. आणि पायझेडएमक्यूचं ४.३.१ पोटात असलेलं व्हील त्या दिवशी हातात नव्हतं (ते पुढे १८ मध्ये आलं). म्हणजे तीही स्रोतापासून, मूळ कोडमधून, बांधायची.

चौथा पर्याय कोड वाचताना सापडला. ज्या फंक्शनमध्ये चूक होती त्याच फंक्शनच्या अगदी वर आणखी एक तपासणी होती: संदेशाची कमाल मर्यादा ठरवलेली असेल आणि आकार तिच्यापेक्षा मोठा असेल, तर कनेक्शन तोडा. ही मर्यादा मुळात उणे एक असते, म्हणजे मर्यादाच नाही. ती एक एमबी केली तर तो वीस अंकी आकडा चुकीच्या ओळीपर्यंत पोचायच्या आधीच अडवला जाणार. प्रकल्पाच्या नोंदीत या उपायाचा उल्लेख नव्हता, पण कोड समोर होता. सेटिंगची एक ओळ, नवी लायब्ररी नको.

आम्ही चौथा पर्याय त्याच संध्याकाळी आणि अपडेट दोन दिवसांत, असं ठरवलं. गेटवेंना हात लावायचा नाही, हेही ठरवलं. त्यांच्यावर ४.१.६ होती, ४.२ च्या आधीची, म्हणून ‘बाधित नाही’. गेटवेवाला हसला. “बघा, जुनं ते सोनं.” तीसएक गेटवे, अकरा कारखाने, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी लॅपटॉप घेऊन प्रत्यक्ष जावं लागायचं. तो निर्णय त्या दिवशी बरोबरच होता. पण ‘गेटवे दुरून अपडेट कसे करायचे’ हा प्रश्न त्याबरोबर कपाटात गेला.

काय केलं, आणि काय बिघडलं

आधी चाचणी सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी खोटा आकार सांगून नंतर बाइट ओतत राहते. कलेक्टर पहिल्याच फटक्यात सेगमेंटेशन फॉल्ट (मेमरीत भलतीकडे हात घातल्याची एरर) देऊन मेला. वाचलेली गोष्ट स्वतःच्या टर्मिनलवर होताना पाहणं वेगळंच असतं. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मग मर्यादेची ओळ घातली, पुन्हा स्क्रिप्ट चालवली. पुन्हा मेला.

अर्धा तास गेला. झीरोएमक्यूत बहुतेक पर्याय हे त्यानंतरच्या बाइंडला (पोर्टवर ऐकायला लागणं) किंवा कनेक्टला (दुसऱ्याशी जोडणं) लागू होतात, आणि नव्या मुलाने ती ओळ बाइंडच्या खाली लिहिली होती. ना एरर, ना इशारा. ओळ वर नेली, आणि या वेळी कलेक्टरने कनेक्शन तोडलं व चालू राहिला. चाचणी केली नसती तर आम्ही ही ओळ चुकीच्या जागी ठेवूनच सणाला घरी गेलो असतो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, चाकणच्या एका कारखान्यातून मेंटेनन्सच्या साहेबांचा फोन आला. “तुमचा बोर्ड कालपासून शून्य दाखवतोय. मशीनं तर चालू आहेत.” गेटवे चालू, नेट चालू, कलेक्टर चालू. शोधता शोधता कळलं की तिथे मंगळवारी दुपारी बराच वेळ नेट गेलं होतं. नेट परत आल्यावर गेटवे साठलेली सगळी माहिती एकाच संदेशात बांधून पाठवायचा. तो गठ्ठा एक एमबीच्या वर. कलेक्टर कनेक्शन तोडायचा, झीरोएमक्यू आपोआप पुन्हा जोडायची, आमचा गेटवेचा प्रोग्रॅम पोच आली नाही म्हणून तोच गठ्ठा, आता आणखी मोठा झालेला, पुन्हा पाठवायचा. दोन्हीकडे लॉगमध्ये काही नाही.

एक एमबी हा आकडा कुठून आला होता? माझ्या डोक्यातून. गोल आकडा, म्हणून. गेल्या महिन्यातला सर्वांत मोठा संदेश किती होता, हे बघायला पाच मिनिटं लागली असती. या उपायासाठी मर्यादा घट्ट असण्याची गरजच नव्हती, अब्जांच्या घरातही ती पुरेशी होती. आम्ही ती चौसष्ट एमबी केली आणि साहेबांना सांगितलं की माहिती येईल. आली.

गुरुवारी पायथनची बाजू स्रोतापासून बांधलेल्या ४.३.१ वर गेली. कलेक्टरला मात्र दोन दिवसांऐवजी नऊ दिवस लागले. त्यातले सहा बिल्ड मशीनवरच्या एका हाताने बदललेल्या फाइलचा शोध लावण्यात गेले. ती कुणी बदलली ते कळलं नाही. कळलं असतं तरी तो माणूस आता कंपनीत नव्हता. नव्याने बांधताना पत्ते बदलणारी पद्धतही चालू केली. झॅपमधलं ‘कुणालाही येऊ दे’ काढलं आणि माहीत असलेल्या किल्ल्यांची यादी ठेवली. प्रत्येक गेटवेला वेगळी किल्ली द्यायचं काम मात्र गेटवेंपर्यंत जाण्यावर अडलं, म्हणून राहिलं.

जुलै

८ जुलैला लिबझेडएमक्यू ४.३.२ आली. आषाढीचा आठवडा, पाऊस चांगलाच लागलेला. सीव्हीई-२०१९-१३१३२, शोधणारा फँग-पेन लिन. या वेळची चूक खुद्द कर्व्हमध्ये होती.

कर्व्हची ओळखपरेड होताना क्लायंट एक कमांड पाठवतो, तिच्या पोटात स्वतःबद्दलची थोडी माहिती असते. ही माहिती २५६ बाइटपेक्षा जास्त नसेल असं धरून लायब्ररीने स्टॅकवर, म्हणजे चालू फंक्शनच्या कामाच्या मेमरीत, ठरावीक मापाची जागा ठेवली होती. कमांड कमीत कमी किती लांब हवी, ही तपासणी होती. जास्तीत जास्त किती, ही नव्हती. लांब कमांड आली की सगळी त्या जागेत ओतली जायची आणि स्टॅकवर सांडायची. ओळख पटायच्या आधीच, कारण हीच तर ओळख पटवण्याची पायरी. नोंदीत लिहिलं होतं की कर्व्ह लावून ऐकत बसलेला कुठलाही सर्व्हर बाधित आहे, ४.० पासून पुढच्या सर्व आवृत्त्या बाधित आहेत, आणि अपडेटशिवाय ज्ञात उपाय नाही.

जानेवारीत ज्या कुलपाच्या भरवशावर शुक्रवारपर्यंत थांबायची चर्चा झाली होती, तेच कुलूप आता दाराची फट झालं होतं. आणि जानेवारीत ज्या जुन्या ४.१.६ मुळे गेटवे वाचले होते, तीही यादीत होती. एरवी गेटवे फक्त बाहेर जोडणारे, ऐकणारे नव्हेत, म्हणून सुटले असते. पण मार्चमध्ये एका ग्राहकाच्या मागणीवरून आम्ही गेटवेवर टॅबलेटसाठी एक पोर्ट उघडला होता: शॉप फ्लोअरवर सुपरवायझरला तिथल्या तिथे आकडे दिसावेत म्हणून. सुरक्षित हवं, म्हणून त्यावर कर्व्ह लावलं होतं.

सर्व्हरचं काम या खेपेला एका दिवसात झालं. कलेक्टर बांधायची रीत आता लिहून ठेवलेली होती, कोणती प्रत कुठे आहे तेही. ८ तारखेची आवृत्ती, ९ ला रात्री सर्व्हरवर.

गेटवेंबाबत दोन मतं पडली. मला ४.३.२ वर न्यायचं होतं, म्हणजे सगळीकडे एकच आवृत्ती. गेटवेवाल्याला ४.१.७, जी त्याच दिवशी जुन्या मालिकेसाठी निघाली होती. त्याचं कारण: गेटवेचा कंपायलर जुना, बोर्ड लहान, आणि अकरा कारखान्यांत उडी मारून काही बिघडलं तर परत अकरा चकरा. मी हरलो, आणि बरं झालं. ४.१.७ कुठेही अडली नाही. तोवर टॅबलेटचा पोर्ट सर्व गेटवेंवर बंद करायचा होता, पण त्यालाही तिथे जावंच लागणार होतं. दुरून अपडेटचा जो प्रश्न जानेवारीत कपाटात ठेवला होता, तो सहा महिन्यांनी तसाच बाहेर आला. मग आम्ही ग्राहकांना फोन करून त्यांच्या नेटवर्कवाल्याकडून तो पोर्ट राउटरवर अडवून घेतला. सात ठिकाणी त्याच आठवड्यात झालं, तीन ठिकाणी “बघतो” मिळालं. एका ठिकाणी ‘नेटवर्कवाला’ म्हणजे आम्हीच आहोत असा समज होता.

चकरा ऑगस्टभर चालल्या. वाहन उद्योगातल्या मंदीचा तो काळ. काही कारखान्यांत आठवड्यातले काही दिवस उत्पादनच बंद असायचं, त्यामुळे मशीन थांबवायची परवानगी मागावी लागली नाही. सोय झाली म्हणायची, पण रिकाम्या शॉपमध्ये लॅपटॉप उघडून बसताना ती सोय वाटत नव्हती.

निकाल

आमच्यावर हल्ला झाल्याची खूण सापडली नाही. हे वाक्य आम्ही ग्राहकांना लिहिलं तेव्हा मॅडमनी त्यातला ‘हल्ला झाला नाही’ हा पहिला मसुदा खोडला होता. कारण डिसेंबर २०१८ मध्ये कलेक्टर दोनदा कोसळल्याची नोंद होती. दोन सेकंदांत उठला, कुणी पाहिलं नाही. कोसळताना मेमरीची जी प्रत घेता येते, तो कोअर डंप आम्ही ठेवत नव्हतो. ते आमच्याच कोडमधल्या एखाद्या चुकीमुळे असण्याची शक्यता जास्त, पण ते दाखवायला आमच्याकडे काही नाही.

लायब्ररीच्या बाजूलाही पुढे बरंच झालं. सप्टेंबर २०२० च्या ४.३.३ मध्ये आणखी काही सुरक्षा दुरुस्त्या एकदम आल्या, त्यातही जुन्या प्रोटोकॉलच्या वाचनातला एक हीप ओव्हरफ्लो, म्हणजे मागून घेतलेल्या मेमरीबाहेर सांडण्याचा प्रकार, होता. एकदा कुणी नीट खणायला लागलं की असंच होतं. त्यावर ‘ही लायब्ररी वाईट’ असं कुणी म्हटलं तर मी वाद घालेन. ज्या लायब्ररीत अशा नोंदी कधीच आल्या नाहीत, तिच्याकडे कुणी पाहिलंच नसेल ही शक्यता मला जास्त छळते.

पुन्हा करायचं झालं तर

तिकीट बंद करण्याची अट बदलेन. ‘पॅकेज अपडेट झालं’ याऐवजी ‘चालू प्रोसेसमध्ये नवी प्रत दिसते, आणि चाचणी स्क्रिप्टने ती मरत नाही’ असं. ही स्क्रिप्ट आम्ही शेवटी कायम ठेवली, प्रत्येक नव्या बांधणीवर चालते. चाळीस ओळींची आहे.

संदेशाची कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी घालायला हवी होती, चूक सापडायच्या दोन वर्षं आधी. बाहेरून येणाऱ्या आकड्याला मर्यादा नसणं हे त्या सेटिंगच्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आम्ही ते वाचलेलंही होतं.

जानेवारीत गेटवेंना हात न लावण्याचा निर्णय आजही तसाच घेईन. त्याला जोडून ‘पण दुरून अपडेटची सोय मार्चपर्यंत’ एवढं लिहायला हवं होतं, आणि ती होईपर्यंत टॅबलेटच्या पोर्टला नाही म्हणायला हवं होतं. मॅडम याच्याशी सहमत नाहीत. त्यांच्या मते तो ग्राहक गेला असता, आणि मग गेटवेच राहिला नसता अपडेट करायला.

एक गेटवे मात्र राहिला. भोसरीतल्या एका युनिटने ती लाइनच बंद केली होती, आम्ही पोचलो तेव्हा मशीनवर ताडपत्री होती आणि डबा स्टोअरमध्ये, वायरी गुंडाळून. वीज जोडून अपडेट करता आलं असतं, पण स्टोअरकीपर काकांकडे त्या खणाची किल्ली नव्हती आणि साहेब गावी. आम्ही खणावर कागद चिकटवला: ‘चालू करण्याआधी फोन करा’, खाली ऑफिसचा नंबर. तो फोन अजून आलेला नाही.